चेहऱ्यात पाच डोळे

वालूर, ता. सेलू
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. वैदेहीला बाबाचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला ठेवशील अशी मला भीती होती, म्हणून पत्ता कालच तुझ्या आईकडून लिहून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. फोन तू माझा घेत नाहीस, आणि मोबाइलवर चार ओळींच्या वर माझं बोट चालत नाही. शेवटी कागद बरा.

आम्ही ठीक आहोत. आईची कंबर अधूनमधून धरते, औषध घेत नाही, शेकते आणि कामाला लागते. पाऊस यंदा थांबायचं नाव घेत नाही. शेजारच्या व्यंकटरावांचं सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं आहे; ते रोज सकाळी आपल्या ओट्यावर येऊन बसतात आणि आभाळाला शिव्या देऊन जातात. मी मे अखेरीस शाळेतून निवृत्त झालो हे तुला कळलंच असेल. एकतीस वर्षं चित्रकला शिकवली म्हणून शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. रिकाम्या माणसाला घड्याळ द्यायचं म्हणजे चेष्टाच आहे, पण लावलंय समोरच्या भिंतीवर.

तर, हे पत्र मी तुला सिनेमे सुचवायला लिहितोय. हसू नकोस. जपानी सिनेमे आणि मालिका, हातानं काढलेल्या. ज्यांना मी तुझ्यासमोर आणि तुझ्या मैत्रिणींसमोर 'बटाट्याएवढ्या डोळ्यांची कार्टून' म्हणायचो, तीच.

दहावीच्या सुट्टीत तू मला एका कागदावर अकरा नावं लिहून दिली होतीस. वर मोठ्या अक्षरात, 'बाबांनी बघायलाच पाहिजेत.' मी त्याच कागदाच्या पाठीवर एलिमेंटरीच्या परीक्षेचं वेळापत्रक उतरवलं होतं. आईने तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवला होता. जूनमध्ये मी मागितला तेव्हा तिने असं पाहिलं, जणू मी तिचं मंगळसूत्र मागतोय. मग तुझ्या मामाची ईश्वरी परभणीहून आली, तिने टीव्हीला काय काय जोडलं, आणि मी सुरू केलं. अकराच्या अकरा पाहिले. त्यानंतर अलीकडचे, तुझ्या यादीत नसलेलेही पाहिले. नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी नावं ठेवलीत. गोष्ट सांगतो, त्यावरून तू ओळख.

पहिली 'छत्रीवाला'. बारा भागांची मालिका. एका शहरात सारखा पाऊस पडतो आणि एक तरुण गल्लीच्या तोंडाशी बसून छत्र्या दुरुस्त करतो. एका भागात एक छत्री, बस्स. मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही. मी पहिल्या भागाला नाकं मुरडली. तिसऱ्या भागात पाऊस काढलेला पाहिला आणि सरळ होऊन बसलो. पत्र्यावरचा वेगळा, पानावरचा वेगळा, चालत्या माणसाच्या खांद्यावरचा वेगळा. माझे विद्यार्थी पाऊस म्हणून तिरक्या रेघा मारायचे आणि मी त्यांना चांगले गुण द्यायचो.

एका दुपारी व्यंकटराव दारात आले. "काय बघायलाव सर?" मी म्हणालो, कार्टून. "ह्या वयात?" म्हणाले, आणि उभ्याउभ्या एक भाग बघितला, मग बसून दोन. दुसऱ्या दिवशी आभाळाला शिव्या देण्याआधी मला विचारतात, "त्या म्हातारीची छत्री नीट झाली का न्हाई वो? लय जीव लागला बगा तिच्यावर."

दुसरी 'तलवारी'. ही बघू नकोस. राक्षस, तलवारी आणि प्रत्येकजण वार करण्याआधी पाच मिनिटं भाषण करतो. चाळीस भाग आहेत. मी सगळे पाहिले, ते केवळ मध्येच सोडायची सवय नाही म्हणून. तुझ्या आईला मात्र तो पांढऱ्या केसांचा खलनायक आवडला. "गुणाचा हाय हो पोरगा, संगत वाईट लागलीय," म्हणते. आवडत्या खलनायकाला ती आपल्या गावचाच समजते.

तिसरा सिनेमा 'एका पोराची शाळा'. डोंगरातलं गाव, सगळे शहरात गेलेत, शाळेत एकच मुलगा उरलाय आणि एक मास्तर. मास्तर एका पोरासाठी घंटा देतो, एका पोराची हजेरी घेतो. हा मला जड गेला, पण तू बघ. त्यात तो मुलगा रोज सकाळी घरातून निघताना दारात ओरडून एक शब्द म्हणतो. खाली इंग्रजीत 'निघालो' अशा अर्थाचं काहीतरी येतं. ईश्वरी म्हणाली, "मामा, ते चुकीचं लिहितात. त्या शब्दाचा खरा अर्थ 'जाऊन येतो' असा आहे. आणि आतून आई म्हणते ना, ते 'जाऊन ये'."

मला राहवेना. मी ओट्यावर जाऊन बसलो. दोन वर्षांपूर्वी बॅग उचलून तू 'जाते' म्हणाली होतीस. आईने आतून ओरडून सांगितलं, "येते म्हण गं, जाते काय!" तू म्हणाली नाहीस. मी पेपर वाचत होतो. म्हणजे, पेपर समोर धरला होता. तुझी हैदराबादची गाडी परभणीपुढचं पिंगळी स्टेशन ओलांडून गेली असेल तोवर मी तसाच बसून होतो, एक ओळही पुढे सरकली नव्हती.

चहा आला. पुढे लिहितो.

चौथा सिनेमा तू सगळं सोडून बघ. मी त्याला 'खिडकीतला दिवा' म्हणतो. समुद्रकाठी दोन बहिणी राहतात, भाऊ होडीवर गेलाय. थोरली रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा ठेवते. एके दिवशी दारावर थाप पडते. ती दार उघडते. बाहेर कोण आहे ते दाखवतच नाहीत. कुणी काही बोलत नाही. फक्त तिचा एक डोळा, पडदाभर. त्यात मागच्या दिव्याचा उजेड थरथरतो, लहान लहान होतो आणि टाचणीच्या टोकाएवढा उरतो.

तुझी आई म्हणाली, "अहो, गेला की हो तो."

तिला इंग्रजी येत नाही. आणि वाचायला खाली काही आलंही नव्हतं.

मी टीव्ही थांबवला आणि तुझ्याच खोलीतला एक जुना कागद घेतला. तो चेहरा जसाच्या तसा उतरवला. मग शेजारी तोच चेहरा माझ्या पद्धतीने काढला. तुला पाठ आहे माझी पद्धत. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे बसले पाहिजेत, डोळ्यांची रेष डोक्याच्या बरोबर मध्यावर. पहिलीत जाण्याआधी मी तुला ते बोटांनी मोजून शिकवलं होतं. चित्र चांगलं झालं. परीक्षेला असतं तर शंभरपैकी ऐंशी दिले असते. पण त्या पोरीला काही कळलेलंच नव्हतं. कुणीतरी दारात आलंय आणि ती फोटोला उभी आहे, एवढंच. त्या डोळ्यात उजेडाला जागाच राहिली नव्हती.

आईने दोन्ही कागद पाहिले. म्हणाली, "हे तुमचं नीट हाय. पण हिला बगून रडू येत न्हाई." आणि उठून भाजी निवडायला गेली.

आणखी एक मालिका आहे, मातीची भांडी घडवणाऱ्या बाईची, त्यातली पार्श्वभूमी फार सुरेख आहे, जलरंगातली, आणि त्या बाईचा नवरा जो

राहू दे. ती तू तुझी शोध.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा आई कणीक मळत होती, हात भरलेले म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मी बाहेरच्या खोलीत होतो. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं ते सगळं ऐकलं. तुमच्या स्टुडिओने तुला विचारलंय, स्वतःची दहा मिनिटांची फिल्म करशील का. तीस तारखेपर्यंत चित्रं मागितलीत. आणि तू त्यांना नकार कळवणार आहेस. तू म्हणालीस, "मला रेषा येत नाही गं आई. दुसऱ्यांच्या रेषांत रंग भरायलेय तेच बरंय. माझी लायकी काय ते मुंबईवाल्यांनी सहा वर्षांमागंच सांगितलंय."

त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, वैदेही.

मी हे पत्र त्यासाठी लिहायला बसलोय, आणि चार पानं सिनेमावर घालवली. आता लिहितो.

बारावी झाल्यावर तू मुंबईच्या त्या संस्थेत प्रवेशासाठी वीस चित्रं केली होतीस. दोन महिने तुझी बोटं शिशाने काळी होती. पाकीट माझ्या हातात देताना म्हणालीस, "बाबा, सेलूच्या पोस्टातून रजिस्टर करा. डिंक तिथंच लावा, घरातला वाळलाय." म्हणजे पाकीट उघडं होतं. शनिवार होता, शाळा सकाळची. मुलं गेल्यावर मी चित्रकलेच्या खोलीत बसलो आणि चित्रं बाहेर काढली. नुसती पाहणार होतो.

पहिलंच चित्र एसटी स्टँडवरच्या एका बाईचं होतं. मांडीवर टोपली, आणि डोळे अर्ध्या चेहऱ्याचे. मला वाटलं, हे पाहून ती मोठी माणसं हसतील. माझ्या पोरीला हसतील. आणि खरं तेच लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो: चित्रकलेच्या मास्तराची पोरगी अशी काढते म्हणून मला हसतील. मी दाराला आतून कडी लावली, पेन्सिलीला टोक केलं आणि त्या बाईचा डावा डोळा खोडला.

मग हात थांबेना. डोळे मापात आणले. नाकं नव्हती, ती दिली. हनुवट्या बसवल्या, गळ्याखाली छाया टाकली. चौदा चित्रं मी सुधारली. तेव्हा माझ्या मनात हाच शब्द होता, सुधारली. उरलेल्या सहांत माणसं पाठमोरी होती किंवा माणसंच नव्हती, म्हणून ती वाचली. पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत जाऊन डिंक लावला, रजिस्टर केलं आणि पावती तुला आणून दिली. तू खूश होतीस. त्या दिवशी मला न मागता चहा केलास, आणि मी तो समाधानाने प्यालो.

दीड महिन्याने त्यांचं पत्र आलं. बन्सीधर पोस्टमन मला स्टँडवरच भेटला आणि घराचा फेरा वाचवायला माझ्याच हातात दिलं. मी तिथंच फोडलं. घरी येऊन तुला म्हणालो, 'नाही झालं.' तू विचारलंस, काय लिहिलंय? मी म्हणालो, 'काय लिहिणार? नाही म्हणून लिहिलंय.' पत्र शाळेच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांखाली घातलं.

एवढंच करून गप्प राहिलो असतो, तरी माझी काही बाजू राहिली असती. पण दोन वर्षांपूर्वी तू हैदराबादचा विषय काढलास तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं. "एकदा नापास झालीस ना? अजून किती हसू करून घ्यायचंय?" मी बोललो तेव्हा ते पत्र कपाटात होतं आणि मला शब्दन् शब्द पाठ होतं.

मे महिन्यात कपाट रिकामं करताना ते पुन्हा हातात आलं. तुझी यादी मी हौसेने मागितली असं वर वाटेल, तसं नाही. मला बघायचं होतं की मीच बरोबर होतो. ही चित्रं मुळातच चूक आहेत, मी बापाचं कर्तव्य केलं, एवढं एकदा पटलं की सुखाने झोपेन, असा इरादा होता. अकरा सिनेमे त्यासाठीच पाहिले. त्या दिव्याच्या डोळ्यापर्यंत पोचलो तेव्हा कळलं की मी तुझ्या चौदा माणसांचे डोळे काढून घेतले.

आज सकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची करपली तरी उलटली नाही. मग एवढंच म्हणाली, "तिला तुमीच नापास केलं, अन् वर तिलाच नापास म्हणलाव?" तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. चहा आला तो व्यंकटरावांच्या घरून, राजेश्रीवहिनींनी पाठवलेला.

संस्थेचं पत्र या पाकिटात आहे, मूळ. इंग्रजीत आहे, मी मराठीत उतरवतो, कारण तू रागाने पाकीटच फेकून दिलंस तर निदान एवढ्या ओळी तरी तुझ्या डोळ्यांखालून गेलेल्या असाव्यात:

'वीसपैकी चौदा चित्रांवर एका सरावलेल्या, पण वेगळ्या हाताचं काम स्पष्ट दिसतं. त्यामुळे ही चित्रं अर्जदाराची स्वतःची आहेत असं आम्हाला धरता येत नाही आणि या वर्षी प्रवेश देता येत नाही. मात्र ज्या सहा चित्रांना तो हात लागलेला नाही, त्यांतली रेषा या वर्षी आमच्यापुढे आलेल्या सर्वांत जिवंत रेषांपैकी आहे. अर्जदाराने पुढच्या वर्षी आपली चित्रं घेऊन स्वतः यावं, अशी समितीची आग्रहाची विनंती आहे.'

त्यांनी तुला बोलावलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये ते कदाचित तुझी वाटही बघत असतील, आणि तू इथे परभणीला बीएस्सीला बसत होतीस, कारण मी सांगितलं होतं की नाही झालं.

मी चुकलो, वैदेही. मला फार लाज वाटते. माफ कर असं लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही. तू मला फोन कर, घरी ये, असंही म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, घाई नाही.

घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. तीस तारखेला सोळा दिवस आहेत. मला उत्तर लिहू नकोस, त्यांना लिही. हो म्हणून लिही. चित्रं काढ, तुला हवे तेवढे डोळे मोठे काढ, आणि पाठवायच्या आधी कुणालाही दाखवू नकोस. मी मागितली तरी मला दाखवू नकोस.

तुझ्या चौदा चित्रांचा अपराधी,
बाबा